कच्चा गहू आणि घरची बिअर: विटबिअर बिघडवणाऱ्या चुका

गव्हाचा चीक ज्यांनी हाटला आहे, त्यांना कच्च्या गव्हाचा मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं धान्य, का अडतो हे निम्मं आधीच ठाऊक असतं. भिजवून, वाटून, गाळून काढलेलं ते पांढरं दूध उकळत्या पाण्यात सोडलं की बघता बघता खळीसारखं घट्ट होतं आणि हात थांबला की बुडाला धरतं. बिअरच्या मॅशमध्ये तोच स्टार्च असतो. तिथे आपल्याला त्याची साखर करायची असते आणि नंतर ती गाळून वेगळी काढायची असते.

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे १९६३ पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हे करता येत नाही. त्यामुळे हा लेख घरी बिअर करायला परवानगी असलेल्या देशांतल्या मराठी मंडळींसाठी आहे.

सगळ्यात मुळातली चूक म्हणजे गव्हाचा माल्ट आणि कच्चा गहू एकच समजणं. बव्हेरियाच्या वाइसबिअरमध्ये मोड आणून सुकवलेला गहू असतो, तोही निम्मा किंवा त्याहून जास्त. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये मात्र कच्चा गहू लागतो. हूगार्डन गावातली ही बिअर १९५०च्या दशकात बंद पडली होती, ती पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली. एकीची कृती घेऊन दुसरीचा गहू वापरला की गणित चुकतं. नाचणीच्या साध्या पिठाची पेज घट्ट होते, तेवढ्याच सत्त्वाची पातळ राहते, कारण मोड येताना तयार झालेली एन्झाइम्स स्टार्च तोडतात. कच्च्या गव्हात अशी एक-दोन एन्झाइम्स थोडीफार असतात, पण स्टार्चचे मोठे तुकडे पाडणारं अल्फा अमायलेज मोड आल्याशिवाय पुरेसं तयार होत नाही. ते जवाच्या माल्टकडून उसनं घ्यावं लागतं.

म्हणून सोबतचा जवाचा माल्ट पिल्सनर किंवा पेल या फिकट प्रकारांतला असावा. जास्त भाजलेल्या गडद माल्टमध्ये देण्याजोगं फार उरत नाही आणि क्रिस्टल माल्टमध्ये तर काहीच नसतं. २० लिटरसाठी मी २.२ किलो पिल्सनर, २ किलो कच्चा गहू आणि २०० ग्रॅम ओट घेतो. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी गहू ३० टक्क्यांवर ठेवावा.

गहू कुठून आणता तेही बघा. पेरणीचा गहू अजिबात नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं. खाण्याचाच गहू घ्या.

दळण्यात दोन टोकाच्या चुका होतात. गहू माल्टपेक्षा कडक आणि बारीक असतो. गिरणीच्या रुळांमध्ये माल्टसाठी ठेवलेल्या फटीतून तो निम्मा अख्खाच निसटतो आणि त्यातला स्टार्च वाया जातो. गहू वेगळा दळा, फट कमी करा, लागल्यास दोनदा दळा. याउलट, इंडियन ग्रोसरीतलं चपातीचं पीठ स्वस्त आणि तयार मिळतं म्हणून मी एकदा तेच दीड किलो घातलं होतं. भांड्यात गोळे झाले, आत कोरडं पीठ राहिलं, आणि तोटीतून तासाभरात दोन लिटरही उतरलं नाही. दलिया मात्र चांगला चालतो. लापशीसाठी घेतो तेवढा जाड असला की पुरे.

तोटी का तुंबते, यावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच हरतात. जवाच्या दाण्याला टरफल असतं आणि गाळताना तेच चाळणीचं काम करतं. मळणीनंतर गव्हावर टरफल उरत नाही. वर त्याच्यातली प्रथिनं आणि चिकट तंतू वर्ट, म्हणजे मॅशमधून गाळून निघणारं गोड पाणी, जाड करतात. त्यामुळे एकूण धान्याच्या ५ टक्के भाताचं तूस घाला, म्हणजे वरच्या मापाला साधारण २०० ग्रॅम. आधी धुऊन भिजवून घ्या, नाहीतर ते तुमचाच वर्ट पिऊन बसेल. तोटी सुरुवातीला अगदी थोडी उघडा. एकदम उघडली की खालून ओढ बसते आणि चोथा दाबून वीट होतो.

तरीही तुंबलंच, तर तोटी बंद करा. जोर लावू नका. चोथा तळापर्यंत हलवा, ७६ अंशांच्या आसपासचं गरम पाणी शक्यतो खालून सोडा, आणखी मूठभर तूस मिसळा आणि दहा मिनिटं बसू द्या. गार झालेला मॅश जास्त चिकटतो, म्हणून भांडं गुंडाळून ठेवा.

गहू आधी शिजवून घ्यावा का, हा प्रश्न नेहमी येतो. तांदळाला ते लागतं. गव्हाचा स्टार्च साधारण ५८ ते ६४ अंशांतच फुगतो, म्हणजे मॅशच्या नेहमीच्या ६६ अंशांत त्याचं काम होतं. नीट दळलेला असेल तर शिजवण्याची गरज नाही. गव्हाचं प्रमाण जास्त असेल तेव्हा मी आधी ५० अंशांवर १५ मिनिटं थांबतो, गाळणं सोपं जातं. त्याहून जास्त वेळ नको, फेस कमी होतो.

घाई मात्र महागात पडते. फक्त माल्टचा मॅश तासात होतो, इथे ७५ ते ९० मिनिटं द्या. मग पांढऱ्या बशीत चमचाभर वर्ट गार करून आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी आहे. टरफलाचा कण आला तर तो काळा पडणारच, म्हणून फक्त द्रव घ्या. तपासलेला थेंब परत भांड्यात टाकू नका.

मसाल्याची बाब लहान आहे. धने ग्रोसरीतले लांबट हिंदुस्थानी घ्या, त्यांना लिंबाचा वास असतो. १५ ग्रॅम भरडून वर्ट उकळण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत घाला. कच्च्या गव्हातून यीस्टला नायट्रोजन कमी मिळतं, म्हणून यीस्ट न्यूट्रियंट (यीस्टचं पूरक खाद्य) टाळू नका.

शेवटी गढूळपणा. विटबिअर धूसरच असते, ते प्रथिनांमुळे. पण आयोडीन काळं पडत असतानाच पुढे गेलात तर तो धूसरपणा स्टार्चचा असतो, आणि तो साध्या यीस्टला पचत नाही, रानटी यीस्ट आणि जिवाणूंना पचतो. बाटली काही महिन्यांनी आंबट होते किंवा उघडताना उसळते. ब्रुसेल्स परिसरातले लॅम्बिक ही आंबट बिअर करणारे, ज्यांच्या धान्यात किमान ३० टक्के गहू असावाच लागतो, ते मुद्दाम असा गढूळ, स्टार्चने भरलेला वर्ट काढतात, कारण त्यांच्या पिंपांतल्या ब्रेटानोमायसिस या रानटी यीस्टला वर्ष-दोन वर्षं खायला लागतं. तुम्हाला महिन्याभरात प्यायची असेल, तर आयोडीनचा थेंब पिवळट-तांबूसच राहीपर्यंत आच सांभाळत थांबा.