छपराच्या मजुरीचा दर कोणत्या मापावर लावला आहे, हे आधी विचारा

गोव्यात छपरांच्या कामावर सुपरवायझर किंवा एस्टिमेटर म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांना वासा, रीप आणि मंगलोरी कौल यांची ओळख करून देण्याची गरज नाही. अडचण येते ती कंत्राटदाराचे कोटेशन हातात पडल्यावर. त्यावर मजुरीचा एकच आकडा असतो आणि दोन कोटेशनांतील आकडे शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवले, की फसगत ठरलेली.

दर चौरस मीटरचा सांगितला जात असला, तरी कंत्राटदार मनात हिशेब करतो तो टोळीच्या दिवसाचा. समजा, एका मेस्त्रीचा रोज १२०० रुपये आणि दोन हेल्परांचा प्रत्येकी ८०० रुपये आहे. टोळीचा दिवस २८०० रुपयांना पडला. साध्या दुपाखी, म्हणजे दोन बाजूंना उतरणाऱ्या छपरावर नवी कौले घालताना त्या टोळीने दिवसाला २० चौरस मीटर काम उरकले, तर निव्वळ मजुरी चौरस मीटरला १४० रुपये पडते. जुन्या घरात तीच कौले उतरवून पुन्हा वापरायची असतील, तर प्रत्येक कौलावरचे शेवाळ घासावे लागते आणि ते बोटाच्या पेराने वाजवून पाहावे लागते. खणखणीत वाजले तर ठेवायचे, बद्द आवाज आला तर बाजूला. अशा वेळी काम १२ चौरस मीटरवर आले, तर तीच मजुरी २३३ रुपयांवर जाते. रोज वाढलेला नाही, लबाडीही झालेली नाही. त्यावर परांची, टेंपो, कामगारांची खोली आणि रिकामे जाणारे दिवस चढतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणात नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरतात. खासगी कामात कंत्राटदाराने त्याहून अधिक धरले, म्हणून लगेच भुवया उंचावू नयेत.

आता मूळ फसगतीकडे येतो. तिच्यात मी स्वतः अडकलो होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. घर बाहेरून १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे, म्हणजे ८० चौरस मीटर. नकाशावर हाच आकडा दिसतो आणि घरमालकाच्या डोक्यातही तोच असतो. परंतु आपल्याकडच्या पावसात भिंती वाचवायच्या, तर छप्पर चारही बाजूंनी बाहेर काढावे लागते. ते ७५ सेंटिमीटर धरले, तर जमिनीवरचे माप ११.५ गुणिले ९.५, म्हणजे सुमारे १०९ चौरस मीटर होते. छप्पर ३० अंशांत उतरते आहे. म्हणून या मापाला त्या उताराच्या गुणकाने, म्हणजे १.१५५ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे १२६. कौले या १२६ चौरस मीटरांवर बसतात आणि मजुरीही तेवढ्याचीच द्यावी लागते. एकाने १४० रुपये दर उतारावरच्या मापावर सांगितला आणि दुसऱ्याने २०० रुपये भिंतींच्या बाहेरून मोजलेल्या ८० चौरस मीटरांवर सांगितला, तर पहिल्याचे बिल १७६४० रुपये आणि दुसऱ्याचे १६००० रुपये होते. महाग दिसणारा स्वस्त निघाला. त्यातच एकाने दर चौरस फुटात दिला असेल, तर आधी त्याला १०.७६४ ने गुणून मीटरवर आणा आणि मगच बोला. गुणकाचा भरवसा वाटत नसेल, तर आढ्यापासून पागोळीपर्यंत वाशावर टेप धरून उताराची लांबी प्रत्यक्ष मोजा. वरच्या उदाहरणात ती साधारण ५.४८ मीटर भरेल.

चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरणाऱ्या छपराचे क्षेत्रफळ, सगळ्या बाजूंचा उतार सारखा असेल, तर दुपाखीइतकेच भरते. तरीही त्याची मजुरी जास्त येते, कारण कोनवाशांवर, म्हणजे दोन उतार मिळतात तिथल्या तिरक्या वाशांवर, प्रत्येक कौल तिरके कापावे लागते. चांगला कंत्राटदार कोने (उतारांच्या जोडावर बसणारी कौले) आणि पन्हळ यांचा दर धावत्या मीटरने वेगळा लिहितो. तसे लिहिलेले नसेल, तर ते कोठे सामावले आहे हे काम सुरू होण्याआधी विचारा. घाबरण्यासारखे यात काही नाही. एक-दोन छपरे स्वतः मोजली, की कोटेशन वाचताच कोणती ओळ गाळली आहे ते दिसू लागते.

तयार एक्सेल शीटवर माझा विश्वास नाही, कारण तिच्यात उताराचा कोन आधीच कोणीतरी भरून ठेवलेला असतो. ‘अनुभवाने कळेल’ एवढेच सांगणाऱ्या वरिष्ठांवर तर त्याहून कमी आहे. माप घेणाऱ्या मेस्त्रीच्या टेपचे दुसरे टोक धरा. ‘मेस्त्री, हे माप कुठपासून कुठपर्यंत धरलेत?’ एवढे विचारले, तरी बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

शाकारणीचे दर हिवाळ्यात ठरवलेले बरे. मे महिन्यात प्रत्येकाला पावसाआधी छप्पर पुरे करून हवे असते, टोळ्या त्याच आणि तेवढ्याच असतात, आणि तेव्हा सांगितल्या जाणाऱ्या दरात घाईची किंमतही धरलेली असते. त्या दिवसांत घासाघीस करून दर उतरवला, तरी टोळी दोन कामांत विभागली जाते आणि अर्धे उघडे छप्पर ताडपत्रीखाली राहते. म्हणून उशीर झालाच, तर रुपये-पैशांपेक्षा रोज किती माणसे येणार आणि उघडलेला भाग त्याच संध्याकाळी झाकला जाणार का, हे कोटेशनवर लिहून घ्या.