कच्च्या वाटेवर वेलोमोबाइल: कोल्हापूरच्या खोऱ्यांत कसे हिंडावे

वेलोमोबाइल म्हणजे रेलून बसून पायडल मारायची तीनचाकी, वरून कवच असलेली. पुढे दोन चाके, मागे एक, आणि बसणारा जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी अशा पायडलच्या गाड्या बनवल्या. आजच्या गाड्या बहुतेक नेदरलँड्स, जर्मनी, रोमानियात तयार होतात, त्याही तिकडच्या गुळगुळीत रस्त्यांच्या हिशेबाने. तरी कुंभी, भोगावती, धामणी, वेदगंगा या आपल्या खोऱ्यांत ती चालवता येते, आणि मनसोक्त चालवता येते. घाटमाथा गाठायचा हट्ट मात्र सोडावा. नदीच्या अंगाने, खोऱ्याच्या तळातून, गावागावांतून जाणारी वाट धरावी. तिथे ही गाडी आपले गुण दाखवते: वेग ताशी चारवर आला तरी तोल जात नाही, आठवड्याचे सामान पोटात मावते, बाभळी-घाणेरीच्या फांद्या अंगाला ओरबाडत नाहीत. कवचामुळे वारा कापला जातो तो फायदा ताशी पंचवीसच्या पुढचा. मुरमावर तो धरूच नये.

आधी विटेची चाचणी

गाडीत सगळे सामान भरा, स्वतः बसा आणि कुणाला तरी पुढच्या दोन चाकांच्या मधोमध वीट ठेवायला सांगा. वीट आडवी ठेवली की साधारण साडेसात सेंटिमीटर उंच, कडेवर उभी केली की दहा. आडव्या विटेलाच बूड घासत असेल तर त्या गाडीने डांबर सोडू नये. कडेवरची वीट न लागता गेली तर मुरमाच्या रस्त्याला हरकत नाही. रिकामी गाडी मोजून काही कळत नाही, कारण बसल्यावर सस्पेन्शन दबते.

बुडाला पट्टा, चाकांना जागा

तयारीच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग, पत्राकाम, रबर सगळे हाकेच्या अंतरावर मिळते. बुडाखाली, जिथे दगड पहिल्यांदा लागतो तिथे, जाड रबराचा पट्टा चिकटवून घ्या. ॲल्युमिनियमच्या गाडीला तो रिवेटने ठोकला तरी चालतो. कार्बन किंवा फायबरच्या कवचाला मात्र भोक पाडू देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो. कारागीर सवयीने ड्रिल उचलतो, त्याला आधीच सांगून ठेवावे. पाय टेकवून गाडी मागे ढकलता यावी म्हणून काही गाड्यांच्या बुडाला भोके असतात. त्यांवर रबराची झडप बसवा, नाहीतर खडी आत येते.

कवच तडकलेच तर दुरुस्तीचे सामान जवळ हवे: ग्लास फायबरचे कापड, इपॉक्सी रेझिन, हार्डनर, पॉलिश पेपर. तड्याभोवतीची जागा पॉलिश पेपरने खरखरीत करायची, कोरडी पुसायची, तड्याच्या चारी बाजूंना चार-पाच सेंटिमीटर बाहेर जाईल असा तुकडा कोपरे गोल करून कापायचा आणि दोन थर द्यायचे. कोपरे टोकदार ठेवले की ठिगळ तिथून उचलते. हे काम सकाळच्या थंडीत करू नये, रेझिन घट्ट व्हायला फार वेळ घेते. ऊन लागू द्यावे.

पुढचे टायर बहुतेक वीस इंची असतात, पण वीस इंचातही मापे वेगवेगळी आहेत. टायरच्या बाजूवर ४०६ हा आकडा असेल तर काम सोपे, कारण मुलांच्या बीएमएक्स सायकलीचे टायर-ट्यूब त्याच मापाचे असतात आणि तालुक्याच्या सायकल दुकानात मिळून जातात. कवचात मावेल तितका रुंद टायर घाला, पण दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली पाहिजे. कोल्हापूरच्या पूर्वेची काळी माती या फटीत अशी बसते की चाक फिरेनासे होते. पश्चिमेची तांबडी माती त्या मानाने बरी. एक काडी हाताशी ठेवा, चिखल उकरायला तीच कामाला येते. डांबरावर ८० ते १०० पीएसआय हवा ठेवत असाल तर मुरमावर ती ५० च्या आसपास आणा.

गिअरचा हिशेब

गाडी ३५ किलो, तुम्ही ७०, सामान १५, म्हणजे एकूण १२० किलो. दिवसभर टिकेल असा जोर साधारण १०० वॉट धरला तर कच्च्या रस्त्यावर चार टक्के चढाला वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास मिळतो आणि आठ टक्क्यांना तीन, म्हणजे चालण्यापेक्षा कमी. म्हणून गिअर शक्य तितका हलका हवा. पुढे २४ दात, मागे ३६ आणि २६ इंची चाक असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १.४ मीटर पुढे सरकते. ते पुरते.

दुसरी अडचण मागच्या चाकाची. ओढणारे चाक ते एकच, आणि वजनाचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. सैल खडीच्या चढावर ते जागेवर फिरते. पाणी, हत्यारे, डबा असे सगळे जड सामान मागच्या चाकाच्या जवळ बांधा. तरीही फिरत असेल तर खाली उतरा, पुढच्या टोकाला दोरी लावा आणि चालत ओढा. पाच-सहा मीटर दोरी यासाठी कायम जवळ ठेवावी. चालायचे बूटही हवेत, तळाला लोखंडी क्लिप असलेले बूट जांभ्यावर सरकतात. चढाला वरचे झाकण काढून ठेवा. संथ वेगात वारा आत येत नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात कवच तापून अंगाची काहिली होते.

वाट कशी निवडावी, काय विचारावे

पहिल्यांदा जाणाऱ्याने गगनबावड्याचा रस्ता धरावा. फुलेवाडी, बालिंगे, कळे, साळवण, असळज असे करत सुमारे ५५ किलोमीटरचा हा पक्का रस्ता कळ्याच्या पुढे कुंभीच्या खोऱ्यातून वर जातो. त्याला उजवी-डावीकडे पाणंदी फुटतात, धरणाकडे, वाड्यांकडे, पळसंब्याच्या रामलिंगाकडे. दमलात किंवा काही मोडले तर तासाभरात पुन्हा डांबरावर येता येते, म्हणून सुरुवातीला हेच खोरे बरे.

पाणंदीला वळण्याआधी गावात विचारावे. पण “रस्ता चांगला आहे का?” असे विचारू नये. “जातोय की, ट्रॅक्टर रोज जातोय!” असे उत्तर मिळते, आणि ते खरेही असते. ट्रॅक्टरचे पोट गुडघाभर उंच असते. विचारायचे ते असे: “मामा, दुधाची गाडी जाते का वरपर्यंत? रिक्षा येते का?” रिक्षा जात असेल तर तुम्ही बहुधा जाल. फक्त ट्रॅक्टर जात असेल तर गाडी पारावर लावा आणि पहिले दोन-तीनशे मीटर पायी बघून या.

बघायचे काय, तर परतायला जागा आहे का. वेलोमोबाइल वळायला आठ-दहा मीटरचा घेर लागतो, पाणंद तीन मीटरची. एका दमात वळता येत नाही, उतरून मागचे टोक उचलून फिरवावे लागते. दाजीपूरच्या बाजूला तर हे कायम ध्यानात ठेवा. राधानगरी अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय शिरू नका, आणि बाहेरच्या शेतांतही पहाटे व संध्याकाळी गवे उतरतात. तुमची गाडी आवाज करत नाही, तुम्ही गव्याच्या पोटाखालच्या उंचीवर, आणि पटकन माघारी वळता येत नाही. उजेड असेपर्यंतच फिरावे.

चाकोरीतून जाताना

ट्रॅक्टरच्या वाटेला दोन खोल चाकोऱ्या असतात आणि मध्ये गवताचा उंचवटा. तुमच्या पुढच्या दोन चाकांतले अंतर त्याहून बरेच कमी, त्यामुळे दोन्ही चाके दोन चाकोऱ्यांत कधीच बसत नाहीत. एक पुढचे चाक उंचवट्यावर ठेवा, दुसरे चाकोरीच्या बाहेरच्या काठावर, म्हणजे चाकोरी गाडीच्या पोटाखाली राहील. मागचे चाक मधोमध असल्याने ते चाकोरीत उतरते, म्हणून ती खोल असेल तर हा मार्ग सोडा. उथळ चाकोरीत मात्र हीच पद्धत सुखाची. दगड दिसला की तो दोन चाकांच्या मध्ये घ्यायची सायकलस्वाराची सवय इथे मोडायला हवी. त्यावर एक पुढचे चाक चढवा, पोट वाचेल.

नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांवरून गावकरी रोज दुचाकीने जातात. पण वरची वाट अरुंद, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायच्या खाचा उघड्या असू शकतात. बसून जाऊ नका. उतरा, मागून धरा आणि चालत न्या. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे असले तरी माघारी फिरा.

हंगाम आणि ऊस

पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, भुदरगडच्या कच्च्या वाटा या गाडीच्या नव्हेत. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले, पण गळीत हंगामही तेव्हाच असतो. दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाला तुम्ही दिसत नाही, हे धरूनच चाला. दीड मीटरच्या वर फडफडणारा भगवा किंवा पिवळा झेंडा, मागे दिवसाही लुकलुकणारा दिवा, आणि ट्रॉली आली की पूर्ण बाजूला थांबणे. अंधारात हंगामातल्या रस्त्यावर अजिबात जाऊ नये. रस्त्यावर पडलेले पाचट चेन आणि चाकांच्या आसात गुंडाळले जाते, दिसले की लगेच काढा.

उतार

बहुतेक गाड्यांना ब्रेक पुढच्या दोन चाकांतच असतात, सत्तर किंवा नव्वद मिलिमीटरच्या ड्रमचे. १२० किलो वजन पाचशे मीटर खाली सावकाश उतरवताना जवळपास दोन लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता निर्माण होते आणि तिचा बराच भाग त्या दोन छोट्या ड्रमांत जातो. तापले की ब्रेक लागेनासे होतात. म्हणून करूळ आणि भुईबावडा घाट भरल्या गाडीने उतरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. गगनबावड्याहून त्याच खोऱ्याने परत यावे. छोट्या उतारालाही ब्रेक सतत दाबून धरू नका. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि मध्ये थांबून ड्रमजवळ हात नेऊन धग बघा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

मुक्कामाला पोचल्यावर

शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळात उतरलात की चहाआधी गाडी आडवी करा. बुडाचा पट्टा सुटला नाही ना ते बघा, चाकांच्या तारा बोटांनी एकेक दाबून सैल कोणती ते शोधा, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट हलवून पाहा. चेन कोरड्या फडक्याने पुसा आणि पातळ, धूळ न धरणारे वंगण लावा. जाड तेलावर फुफाटा बसून त्याची कानस होते. मुरमाच्या रस्त्यावर दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर भरपूर होतात, त्यामुळे या कामाला उजेड शिल्लक राहील अशा बेतानेच मुक्कामाचे गाव ठरवा.