गाडीच्या हट्टी रंगावर पॉलिशिंग मशीन फिरवण्याआधीची तयारी

बोनेटवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे खरे तर गोल नसतात. ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती आडवे येतात तेवढेच चमकतात. म्हणून पहिली गरज पॉलिशची नाही, एका झगझगीत टॉर्चची. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात निम्मे चरे लपतात.

आता नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे. त्याच्या कडा मऊ होतील, तो नाहीसा होणार नाही, आणि तसा हट्टही धरू नये. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, प्रायमरपासूनचे सगळे थर धरून कंपनीचा रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतो. जाडी मोजायचं मीटर पत्र्यावरचे सगळे थर एकत्र मोजतं, एकट्या क्लिअर कोटचा आकडा देत नाही, हे लक्षात ठेवा. प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी मोजा. शेजारच्या दारापेक्षा आकडा दुप्पट आला तर तिथे रंगकाम झालंय. ८० मायक्रॉनच्या खाली आला तर तिथे कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त कापणारी पेस्ट) नको. बोनेट ॲल्युमिनियमचं असेल तर ते मोजू शकणारं मीटर लागतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालतच नाही, आणि तिथे उष्णताही पसरत नाही, त्यामुळे हात हलका.

धुणं दोन बादल्यांनी: एकीत शांपू, दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी. मग लोहकण विरघळवणारं द्रावण, सावलीत, वाळू न देता. डांबराचे ठिपके वेगळे काढा. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर भरपूर लुब्रिकंट मारून क्ले (रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवा. क्लेचे बारीक चरे उमटतील, ते पुढे जातातच. मात्र राहिलेला एक कण पॅडखाली आला की नवे ओरखडे तुम्हीच काढत बसाल.

काळं प्लॅस्टिक, रबर आणि पत्र्याच्या धारा मास्किंग टेपने झाका. धारेवर रंग पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच येतो.

पॅडमध्ये बहुतेकांचा हात आखडतो. रंग कडक असेल तर डीए मशीनसाठी (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरवत डोलवणारं पॉलिशिंग मशीन) मायक्रोफायबरचे कटिंग पॅड किमान सहा आणि फिनिशिंगचे फोम पॅड तीन-चार हवेत. घासलेला रंग आणि वापरलेलं कंपाउंड पॅडमध्ये साचतं, पॅड कापेनासा होतो, माणूस जोर वाढवतो, पॅड फिरायचा थांबून नुसता थरथरतो आणि तापतो. मग ‘रंगच हट्टी’ असा शेरा! बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड चिकटतो त्या मशीनच्या तबकडीवर, मार्करने एक रेघ मारून ठेवा, पॅड फिरतोय की नाही ते तिच्यावरून कळतं. प्रत्येक तुकड्यानंतर पॅड ब्रशने किंवा हवेच्या झोताने साफ करा.

चाचणीसाठी बोनेटवर टेपने ४५ सेंटिमीटरचा चौकोन आखा. सुरुवात सौम्य जोडीने: फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश, वाटाण्याएवढे चार थेंब. सहापैकी चौथ्या-पाचव्या वेगावर उभे-आडवे मिळून चार फेरे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. पुसल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १० ते १५ टक्के करून मारा, कारण पॉलिशमधलं तेल चरे भरून काढतं आणि आठवड्याने ते परत डोकं वर काढतात. चरे उरले तरच कंपाउंड आणि मायक्रोफायबरकडे वळा. त्यानंतर धुरकट झाक राहते. ती दुसऱ्या फेरीत, फोम पॅडने जाते. गडद रंगावर ही फेरी टाळता येत नाही.

रंग उलट मऊ, चिकट निघाला तर पॉलिशच्या गुठळ्या होतात आणि नुसत्या पुसण्यानेही चरे पडतात. तिथे वेग आणि दाब कमी, तुकडा लहान, पुसताना कापडावर फवारा.

शेवटी कापडं: मऊ मायक्रोफायबरची वीसेक, लेबलं कापलेली. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवशी गाडीला लावायचं नाही.