टेली घ्यावी की मॅक्रो? बेळगाव-खानापूरकडच्या नवशिक्यांसाठी

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स घेऊन राकसकोप जलाशयावर गेलं की पक्षी ठिपक्याएवढा येतो. पावसाळ्यात जांबोटीकडे गेलं तर पानावरचा कोळी फ्रेममध्ये मुगाएवढा दिसतो. दोन्ही दुखणी खरी, पण बजेट १५,००० च्या आसपास असेल तर दोन चांगल्या लेन्स बसत नाहीत. माझं मत आधीच सांगतो: पहिली टेली (दूरचं जवळ आणणारी लेन्स) घ्या आणि तिच्याच तोंडावर क्लोजअप लेन्स, म्हणजे एक जादा भिंग, चढवून मॅक्रोचं (जवळून बारीक वस्तू मोठी टिपण्याचं) काम भागवा.

आधी अंतर मोजा

दुकानात जाण्यापूर्वी हातातल्या लेन्सनेच परीक्षा घ्या. ५५ वर झूम लावून हव्या त्या पक्ष्याचा फोटो काढा. कॉम्प्युटरवर फोटोची रुंदी आणि उंची साडेचारने भागून मधला तेवढाच तुकडा कापा. २५० एमएमची लेन्स साधारण तेवढाच भाग फ्रेमभर दाखवते. तरीही पक्षी बारीक वाटत असेल तर प्रश्न लेन्सचा नाही, अंतराचा आहे.

आकड्यांत सांगायचं तर कॅननच्या एपीएस-सी (सुमारे २२ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) बॉडीवर २५० एमएमला फ्रेमची रुंदी अंतराच्या अकराव्या हिश्श्याइतकी असते. आठ मीटरवर ती साधारण ७० सेंटीमीटर. १७ सेंटीमीटरचा छोटा खंड्या तिथे फ्रेमचा चौथा हिस्सा व्यापतो. तीस मीटरवर रुंदी पावणेतीन मीटर होते आणि तोच खंड्या सोळाव्या हिश्श्यात मावतो. म्हणून हिवाळ्यात घटप्रभेच्या धुपदाळ जलाशयावर दूर पाण्यात उतरलेल्या पाहुण्या पक्ष्यांना २५० काय, ३०० पण पुरत नाही. तिथे ६०० लागते, तो खर्च वेगळा. पण बांधाजवळच्या तारेवरचा वेडा राघू, बेळगावच्या किल्ल्याच्या तळ्याकाठचा बगळा, परसातला शिंजीर किंवा गणेशगुडीला पाणवठ्यावर येणारे छोटे पक्षी २५० मध्ये छान बसतात.

मग बॉडी बघून लेन्स ठरवा

कॅननची एपीएस-सी डीएसएलआर असेल तर फार शोधू नका: ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम. यातलं आयएस म्हणजे स्टॅबिलायझेशन, हाताचा थरकाप सावरणारी सोय. सेकंडहँड बाजारात ती सहज मिळते. स्वस्त म्हणून ७५-३०० पुढे केली जाते, ती मी घेणार नाही. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि ३०० ला चित्र मऊ येतं.

निकॉनवाल्यांनी जरा जपून. एएफ-पी डीएक्स ७०-३०० चांगली आहे, पण ती दोन प्रकारांत येते. नावात व्हीआर (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) असलेलीच घ्या. शिवाय डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर एएफ-पी लेन्स चालतच नाहीत. त्यांच्यासाठी एएफ-एस ५५-२०० व्हीआर बघा. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे नुसतं ‘एएफ’ लिहिलेल्या जुन्या लेन्स तिथे हातानेच फोकस कराव्या लागतात.

स्टॅबिलायझेशनवर एवढा भर का? त्याशिवाय कॅननवर २५० एमएमला हात न हलल्यासारखा फोटो हवा तर शटर साधारण १/४०० सेकंद लागतो. जांबोटी-चोर्ल्याच्या रानात ढगाळ दुपारी तेवढा उजेड कुठला? अर्थात स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा थरकाप सावरतं, पक्ष्याची हालचाल नाही. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटर जलद हवा, म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) १६०० किंवा ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे दाणे परवडतात, हललेला फोटो नाही.

त्याच लेन्सने मॅक्रो

खरी मॅक्रो म्हणजे एकास एक: २२ मिलिमीटरची वस्तू २२ मिलिमीटरच्या सेन्सरवर पूर्ण आकारात. लेन्सवर नुसता ‘मॅक्रो’ शब्द असला म्हणून ती तशी असतेच असं नाही. ७०-३०० च्या काही स्वस्त झूम निम्म्या आकारावर थांबतात.

५५-२५० एसटीएम एकटी ८५ सेंटीमीटरवरून ०.२९ पट आकार देते, म्हणजे पावणेआठ सेंटीमीटर रुंदीची चौकट. बऱ्याचशा फुलपाखरांना एवढं पुरतं. सदर्न बर्डविंग, कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू, पंख पसरून १४ सेंटीमीटरच्याही वर जातं. त्याला मॅक्रो लागतच नाही. टाचणीचे (चतुरासारख्या बारीक किड्याचे) डोळे किंवा कोळ्याचा चेहरा हवा असेल तेव्हा समोर रेनॉक्स डीसीआर-१५० ही क्लोजअप लेन्स चढवा. ती ४.८ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) आहे. हजाराला डायॉप्टरने भागलं की मिलिमीटरमध्ये अंतर मिळतं, इथे सुमारे २०८. लेन्स अनंतावर फोकस असताना २५० भागिले २०८, म्हणजे एकास एकपेक्षा जास्त आकार, आणि किड्यापासून अंतर वीसेक सेंटीमीटर. डीसीआर-२५० वस्तूच्या दुप्पट आकार देते, पण फोकस धरताना नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो. आधी १५०च बरी. तिची क्लिप ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर-आट्यांवर बसते. वरच्या एसटीएम आणि एएफ-पी या दोन्ही लेन्सना ५८ चे आटे आहेत.

एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) टेलीवर फारशी कामाची नाही. २५ मिलिमीटरची ट्यूब २५० वर फक्त ०.१ पट भर घालते, ५० वर मात्र अर्धा पट. निकॉनची ४० एमएम मॅक्रो छोटी आणि छान, पण एकास एकला काच किड्यापासून तीन-चार सेंटीमीटरवर येते. किडा उडतो नाहीतर आपलीच सावली पडते. तुम्हाला फक्त किडे-बेडूकच काढायचे असतील तर थोडे पैसे साठवून जुनी ९० किंवा १०० एमएमची मॅक्रो घ्या.

सेकंडहँड घेताना

आपल्याकडची सर्वांत मोठी भीती फंगसची, म्हणजे काचेवरच्या बुरशीची. खानापूर पट्ट्यातल्या पावसात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास शिरते. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर भाव कितीही पाडला तरी नको. धुळीचे दोन-चार कण मात्र चालतात. झूम फिरवताना खरखर नको, स्टॅबिलायझेशन चालू-बंद करून फरक दिसायला हवा. नवी घेत असाल, बेळगावात किंवा कोल्हापूर-हुबळीत, तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. घरी आणल्यावर चामडी पाऊचमध्ये न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

पहिल्या दिवशीची चाचणी

भिंतीवर पेपरचं एक पान सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा टेबलावर पानाला समांतर ठेवा, स्टॅबिलायझेशन बंद करा आणि झूमच्या टोकाला दोन सेकंदांच्या टायमरने फोटो काढा, एकदा पूर्ण उघड्या छिद्रावर आणि एकदा छिद्र लहान करून एफ/८ वर. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. एकच कोपरा एफ/८ लाही पुसट येत असेल तर कॅमेरा सरळ करून पुन्हा एकदा घ्या. तरी तसंच दिसलं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत लेन्स घेऊन दुकानात जा.