टीव्ही आणि होम थिएटरचा दुहेरी आवाज

निपाणीच्या घरी मॅचची कॉमेंट्री दोनदा ऐकू यायची, आधी टीव्हीतून, मागोमाग होम थिएटरमधून. रिसीव्हरला, म्हणजे होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या डब्याला, डॉल्बी (दाबून पाठवलेला आवाज) उलगडायला वेळ लागतो. फरक साधारण 40 मिलिसेकंदांवर गेला की बोलणं दुहेरी वाटतं. स्पीकर सरकवून उपयोग नाही, मीटरभर अंतराला जेमतेम 3 मिलिसेकंद लागतात.

एचडीएमआय केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्याच पोर्टात (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या) घातली, दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू केलं, साउंड आउटपुट ‘रिसीव्हर’वर ठेवलं. टीव्हीचे स्पीकर गप्प! एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल वायर असेल तर बहुधा ते मेनूतून हातानं बंद करावे लागतात. करंट जाऊन आला की एखादा टीव्ही सेटिंग विसरतो, तेव्हा आधी तिथंच बघा.

दोन्ही आवाज हवेच असतील तर आउटपुट पीसीएम (न दाबलेला आवाज) करा. फरक कमी होतो, पण एआरसीवरून मग दोनच चॅनेल येतात, मागचे स्पीकर नावालाच.