रास्ना, पळस आणि दुर्बीण : नागपूरच्या वसंतातली फुले टिपायला निघण्यापूर्वी

नागपूरच्या आसपास वसंतात ऑर्किड शोधायचे तर मान वर करूनच हिंडावे लागते. जमिनीत कंद असलेल्या आमरी (जमिनीवरची ऑर्किड) पावसाबरोबर वर येतात, मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा मागमूसही नसतो. या दिवसांत भेटते ती रास्ना, म्हणजे वांडा टेसेलाटा, आणि तीही जुन्या आंब्या-मोहाच्या फांद्यांवर. नुसती मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घेऊन निघालात तर फारसे काही हाती लागणार नाही. आधी ३०० मिमीपर्यंतची झूम आणि साधी दुर्बीण पिशवीत टाका, १०० मिमीची मॅक्रो त्यानंतर.

पेंच किंवा उमरेड-करांडल्याच्या जंगल सफारीत गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे फुलांच्या कामाला ती निरुपयोगीच. त्यापेक्षा रामटेक, उमरेडकडच्या जुन्या आमराया आणि शेताच्या धुऱ्यावरचे (बांधावरचे) मोह बघा. मालकाला विचारूनच आत शिरा. झाडाखाली थांबण्याआधी वर आग्या मोहोळ नाही ना, ते पाहून घ्या. अशा ठिकाणी अत्तर, सेंट लावून जाऊ नये. पूर्ण बाह्या हव्यातच, कारण खाजकुहिलीच्या वाळक्या शेंगांची कुसे याच दिवसांत अंगावर येतात. माणशी तीन लिटर पाणी ठेवा आणि सकाळी दहाच्या आत परता.

झाडावर दिसणारा प्रत्येक हिरवा झुबका रास्ना नसतो. बांडगुळाची पाने रुंद, फुले नळीसारखी, आणि ते फांदीतच घुसून रस शोषते. रास्नेची पाने पट्ट्यासारखी, दोन ओळींत, टोकाला कुरतडल्यासारखी. पांढरट जाड मुळे सालीला नुसती बिलगलेली असतात. फूल उन्हाळ्यात येते. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकटीची जाळी आणि खाली जांभळट ओठ, ही खूण पक्की. ऑर्किडच आहे का, हे ठरवायला फुलाच्या मध्यभागी बघा : पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे न दिसता त्यांचा एकच स्तंभ झालेला असतो.

खाली ओळखायला सोपे वाटणारे पळस आणि पांगाराही फसवतात. पळसाला पाने तीनच म्हणतात खरे, पण पांगाऱ्याच्या पानालाही तीनच दले, आणि फुलोऱ्यात दोन्ही बहुधा निष्पर्ण. पांगाऱ्याच्या फांदीवर काटे असतात, पळसाच्या नसतात; पळसाच्या फुलाचा देठाकडचा भाग काळपट मखमली. म्हणून सुंदर फोटो एक आणि ओळखीचे फोटो सहा-सात घ्या : पूर्ण झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून आणि बाजूने, असेल तर शेंग. खाली पडलेल्या फुलाशेजारी पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी ठेवा. फूल तोडायची गरज पडत नाही. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपला एकच फोटो दिला तर ते भलतेच नाव सुचवते, ते बहुतेक एका फोटोत या सगळ्या खुणा येत नाहीत म्हणून.

कॅमेऱ्यात रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) चालू करा, लेन्सचे छिद्र एफ/८ ठेवा, झूम हातात धरून वापरत असाल तर शटरचा वेग १/५०० सेकंदाखाली नेऊ नका. आयएसओ ८०० झाला तरी चालेल. रास्नेमागे पांढरे आकाश आले की फूल काळे पडते, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवा. पळसाचे उलट : भर उन्हात लाल रंग आधी फुटतो आणि पाकळी सपाट ठिगळासारखी दिसते. पाऊण स्टॉप कमी करा आणि लाल रंगाचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) वेगळा तपासा. एकूण आलेख ठीक दिसतो, म्हणूनच ही चूक घरी आल्यावर कळते. वारा साधारण आठनंतर वाढतो. मॅक्रोचे काम त्याआधी उरका. फ्लॅश थेट मारू नका, प्रकाश मऊ करणारा पांढऱ्या कापडाचा डिफ्युजर लावा.

वहीत तारीख, आधाराच्या झाडाचे नाव, जमिनीपासूनची उंची आणि वास लिहा. वास फोटोत येत नाही. फोटो इतरांना पाठवताना मात्र त्यात दडलेली जीपीएसची माहिती काढून टाका. रास्ना औषधासाठी ओरबाडली जाते. फोटोखाली तालुक्याचे नाव पुरे, झाड कुठले ते नको.