काठमांडू ते पोखरा, कमी खर्चात: या चुका टाळा

काठमांडू ते पोखरा हे अंतर रस्त्याने साधारण दोनशे किलोमीटर. पुणे-कोल्हापूर चार-साडेचार तासांत होतं, तसंच हेही होईल असं धरून आपली माणसं दिवसाचं गणित मांडतात आणि पहिली चूक तिथेच होते. या वाटेचा पृथ्वी राजमार्ग डोंगरातून जातो, बहुतेक ठिकाणी दोनच लेन आहेत, रुंदीकरणाची कामं कित्येक वर्षं चाललेली आहेत आणि खोऱ्यातून बाहेर पडताना नागढुंगाच्या घाटात मालवाहू ट्रकांची रांग लागलेली असते. सात-आठ तास हा चांगला दिवस समजा. दहा तास लागले तरी ते नेहमीचंच. म्हणून "दुपारी दोनला पोहोचू, चारला फेवा तालात बोट, संध्याकाळी सारंगकोट" असा बेत करू नका. प्रवासाचा दिवस प्रवासालाच द्या. हे एकदा मान्य केलं की पैसे वाचवण्याचे निर्णयही नीट घेता येतात.

एक गोष्ट त्याआधीच पाहून घ्या. पोखराच गाठायचं असेल आणि तुम्ही रेल्वेने गोरखपूरला उतरून सुनौलीमार्गे नेपाळात शिरणार असाल, तर काठमांडूला वळसा घालायची गरज नाही. सीमेपलीकडच्या भैरहवाहून पोखऱ्याला थेट बस मिळते. राजधानी पाहायची असेल तर ती परतीला ठेवा.

रात्रीच्या बसमुळे पैसे वाचतात हा समज

रात्रीची बस घेतली तर हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचेल, हा हिशेब या रस्त्यावर चालत नाही. रस्ता मोकळा मिळाला तर बस पहाटे तीन-चारला पोखऱ्यात सोडते. त्या वेळी हॉटेलचं दार उघडून खोली मिळवायची तर बऱ्याचदा आदल्या रात्रीचेच पैसे मोजावे लागतात, शिवाय पहाटेच्या टॅक्सीचा दर वेगळा. वाचलं काहीच नाही आणि त्रिशूली व मर्स्याङ्दी या नद्यांच्या काठाने जाणारा सबंध रस्ता अंधारात गेला.

खरं कारण मात्र सुरक्षिततेचं आहे आणि त्यावर मी तडजोड सुचवणार नाही. 12 जुलै 2024 रोजी पहाटे नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळली आणि दोन प्रवासी बस त्रिशूलीत वाहून गेल्या. हा रस्ता मुग्लिनला पृथ्वी राजमार्गालाच येऊन मिळतो. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीत काठमांडूच्या वेशीबाहेर झ्याप्ले खोला इथे, रस्ता बंद म्हणून थांबलेल्या गाड्यांवर दरड आली आणि कित्येकांचा जीव गेला. जून ते सप्टेंबर या काळात रात्रीचा प्रवास करूच नका. दिवसाही निघण्यापूर्वी हॉटेलवाल्याला किंवा बस काउंटरवर रस्त्याची ताजी स्थिती विचारा. जोराचा पाऊस सुरू असेल तर एक दिवस थांबणं हाच शहाणपणा, मग तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील.

कुठली गाडी घ्यायची

टुरिस्ट बस, मायक्रो आणि साधी बस असे तीन पर्याय आहेत. टुरिस्ट बस सकाळी सातच्या सुमारास सुटतात, एका माणसाला एक आसन मिळतं, सामान डिकीत जातं आणि वाटेत ठरलेले थांबे असतात. साध्या टुरिस्ट बसचं तिकीट हजार नेपाळी रुपयांच्या थोडं पुढे-मागे असतं, सोफा आसनांच्या गाडीला त्याहून जास्त. मायक्रो म्हणजे हायएससारखी छोटी व्हॅन. ती स्वस्त पडते, भरली की सुटते आणि बसपेक्षा लवकर पोहोचते. पण गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, सामान टपावर किंवा मांडीवर, आणि चालकाला पुढची फेरी गाठायची घाई. पाठीवर एकच पिशवी असलेल्या तरुण माणसाला ती चालून जाईल. सोबत आई-वडील किंवा लहान मूल असेल तर दोन-तीनशे रुपयांसाठी मायक्रो घेऊ नका. साधी बस सर्वांत स्वस्त, पण ती हात दाखवेल तिथे थांबते आणि त्यात अख्खा दिवस जातो.

विमान पंचवीस-तीस मिनिटांत पोहोचतं, पण ते या लेखाच्या बजेटात बसत नाही. तरी वेळ कमी असेल तर दर पाहताना लक्षात ठेवा: नेपाळी नागरिक, भारतीय आणि इतर परदेशी यांचे दर वेगवेगळे असतात. संकेतस्थळावर राष्ट्रीयत्व चुकीचं निवडलं तर जास्त पैसे जातात किंवा चेक-इनला अडचण येते. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. फक्त आधार कार्डावर विसंबून घरून निघू नका.

बस एका ठिकाणी, तुम्ही दुसऱ्या

काठमांडूत बस चुकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे जागेचा गोंधळ. टुरिस्ट बस पूर्वी कान्तिपथवरून सुटत. जुन्या माहितीत अजून तेच लिहिलेलं दिसतं. आता त्या प्रामुख्याने सोह्रखुट्टेहून सुटतात, ते ठमेल या पर्यटकांच्या भागापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. साध्या बस गोंगबूच्या नयाँ बसपार्कहून, तर मायक्रो गोंगबू आणि कलंकीहून निघतात. तिकीट हातात पडताच त्यावर सुटण्याचं ठिकाण आणि गाडीचा क्रमांक आहे का ते पाहा, नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या. पाट्या देवनागरीत असतात, त्यामुळे आपल्याला वाचता येतात. विचारत बसण्याआधी गाडीच्या काचेवरची पाटी वाचा.

दुसरं कारण घड्याळ. नेपाळची वेळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे आहे. स्थानिक सिम घेतलं नसेल आणि फोन नुसत्या वायफायवर असेल तर तो भारतीय वेळच दाखवत राहू शकतो. सातची बस म्हणजे आपल्या पावणेसातची. पोहोचल्याबरोबर फोनची वेळ हाताने तपासा.

तिसरं कारण तारीख. नेपाळात व्यवहार विक्रम संवताने चालतो, आणि हाताने लिहिलेल्या तिकिटावर तीच तारीख असू शकते. साउन म्हणजे आपला श्रावण असं समजून मोजायला जाल तर फसाल. आपला श्रावण चांद्र आहे, त्यांचा साउन सौर आहे आणि तो जुलैच्या मध्यावर सुरू होतो. काउंटरवरच्या माणसाकडून तिकिटावर इंग्रजी तारीख आणि वार लिहून घ्या.

तरीही बस चुकलीच, तर घाबरून टॅक्सी ठरवू नका. पोखऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या कलंकीवरून बाहेर पडतात. लगेच काउंटरला फोन करा, बस खोऱ्यातल्या गर्दीत अडकलेली असेल तर कलंकीला गाठता येते. तेही जमलं नाही तर तिथूनच दुपारपर्यंत मायक्रो मिळत राहतात. कलंकीपर्यंत जायला पठाओ किंवा इनड्राइव्ह ही गाडी मागवायची अॅप वापरा, रस्त्यावरच्या टॅक्सीशी घासाघीस करण्यात वेळ जातो.

आईसी की एनसी?

भारतीय रुपया आणि नेपाळी रुपया यांचं नातं 1993 पासून ठरलेलं आहे: शंभर भारतीय म्हणजे 160 नेपाळी. हजार नेपाळी रुपयांचं तिकीट म्हणजे सव्वासहाशे भारतीय रुपये. समोरचा नुसतं "एक हजार" म्हणाला तर "आईसी की एनसी?" हे विचाराच. आईसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. मोघम ठरवून बसलात तर उतरताना वाद होतो. भारतीय नोटा द्यायच्याच असतील तर शंभरच्या किंवा त्याखालच्या सोबत ठेवा, त्या चालण्याबद्दल प्रश्न येत नाही. मार्च 2024 पासून बऱ्याच दुकानांत फोनपेचा क्यूआर भारतीय यूपीआयने स्कॅन करता येतो. हे फोनपे नेपाळचं, आपल्याकडच्या अॅपशी त्याचा संबंध नाही. तरी बसवाले आणि ढाबे यांच्यासाठी नेपाळी रोकड हवीच.

वाटेतल्या बारीकसारीक गोष्टी

जाताना उजव्या बाजूची खिडकी मागा. नदी बराच वेळ त्या बाजूला राहते आणि हवा स्वच्छ असेल तर पुढे हिमशिखरंही तिकडेच दिसतात. घाट लागत असेल तर चाकांच्या वरची आणि मागची आसनं टाळा, उलटीची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या. जेवणाचा थांबा आपल्या वेळेला येणार नाही. नेपाळात सकाळचं डाळ-भाताचं जेवण दहाच्या आसपास होतं, बसही त्याच सुमारास थांबते. तेव्हा "नंतर खाऊ" म्हणून बसून राहिलात तर पुढे बिस्किटांवर भागवावं लागतं. थाळीचा दर आधी विचारा. शौचालयासाठी मधेच थांबायचं असेल तर सहचालकाला मोकळेपणाने सांगा, गाडी थांबवतात.

पोखऱ्यात उतरल्यावर

वाचवलेले पैसे इथे शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जातात. टुरिस्ट बसपार्क लेकसाइडपासून फार लांब नाही, पण उतरताच टॅक्सीवाले घेरतात आणि थकलेला माणूस सांगतील तेवढे देतो. बऱ्याच हॉटेलांकडून बसपार्कवर न्यायला माणूस येतो, खोली ठरवतानाच ते विचारा. साध्या बसने आलात तर ती पृथ्वीचोकला सोडते, तिथून लेकसाइड जास्त दूर पडतं, मात्र शहरातली बस मिळते. आणि नुसतं "लेकसाइडला हॉटेल" म्हणून खोली घेऊ नका. लेकसाइड लांबलचक पसरलं आहे. तुमचं हॉटेल बाराही चोकजवळ आहे, हल्लन चोकजवळ की उत्तरेला खहरेकडे, हे माहीत असेल तर भाडं ठरवता येतं.

परतीला सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ज्या दिवशी काठमांडूहून भारतात परतीचं विमान, त्याच दिवशी सकाळी पोखऱ्याहून बस. दरड, चक्काजाम, बिघडलेला ट्रक, काहीही पुरतं. पोखरा-काठमांडू विमानाचाही अशा वेळी भरवसा नाही, हिवाळ्यात धुकं आणि पावसाळ्यात ढग यांमुळे ती उड्डाणंही लांबतात. आदल्या दिवशीच निघा आणि ती रात्र काठमांडूत काढा. दसैं-तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत तर परतीचं तिकीट पोखऱ्यात पाऊल ठेवल्याबरोबर काढून ठेवा, कारण तेव्हा सगळा देश गावाकडे जात-येत असतो आणि उरलेली आसनं बहुधा मागच्या चाकावरचीच असतात.